१९५१ ची शेवरले, फोर्डचा ॲक्सल आणि जंकयार्डमधले भाग

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी १९५१ ची शेवरले ३१०० पिकअप घेतली आहे. आधीच्या मालकाने तिचं सगळंच बदललंय: ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे मस्टँग-२ धर्तीचं सस्पेन्शन आणि मागे ‘कुठल्यातरी फोर्डचा’ ॲक्सल. आता उजव्या चाकाच्या आतून तेल गळतंय, गाडी डावीकडे वळवली की घरघर वाढते, आणि ताशी ५० मैलांच्या आसपास पाय गॅसवरून काढला की मागून हूंऽऽ असा सूर येतो. गॅरेजवाला म्हणतो, उजवा शाफ्ट (चाक फिरवणारा आतला दांडा) आणि बेअरिंग टाकू, काम झालं. जवळच्या जंकयार्डात एक फोर्ड एक्स्प्लोरर उभी आहे. तिचा नुसता शाफ्ट आणावा, क्राऊन-पिनियन (ॲक्सलच्या पोटातली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी) आणावा, की अख्खा ॲक्सल उचलावा?

माझं उत्तर: अख्खा ॲक्सल उचला. पण त्याआधी आत्ता गाडीखाली असलेला ॲक्सल नीट मोजा, कारण तुमचा शाफ्ट उगाच गेलेला नाही. हौसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) वाकलं असेल तर नवा शाफ्टही त्याच वाटेने जाईल.

आधी ॲक्सल कुठला ते ठरवू. कस्टम गाडीवाल्याला पार्टच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘गाडी कुठली, साल कुठलं?’ तुम्ही १९५१ ची शेवरले सांगितलीत तर समोरचा माणूस जो सील काढून देईल तो तुमच्या काही कामाचा नाही. मूळ ३१०० चा ॲक्सल टॉर्क ट्यूबचा होता, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) एका बंद नळीत फिरायचा. रेशो (चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या किती फेऱ्या) ४.११ आणि चाकाला सहा बोल्ट. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाच बोल्टचं चाक, डिस्क ब्रेक आणि मागच्या झाकणाला दहा बोल्ट दिसतात. झाकण चौकोनी, खालचे कोपरे तिरके कापल्यासारखे. हा फोर्डचा ८.८ इंची ॲक्सल आहे. क्राऊनचा व्यास ८.८ इंच, म्हणून हे नाव.

पण ८.८ म्हणजे एकच वस्तू नव्हे. मस्टँगलाही तोच, एफ-१५० लाही तोच, एक्स्प्लोररलाही तोच, आणि प्रत्येकाचे शाफ्ट, रुंदी, ब्रेक वेगळे. ट्यूबचा, म्हणजे शाफ्ट ज्या नळीत असतो तिचा, बाहेरचा व्यास मोजा. सव्वातीन इंच भरला, चाकाच्या बोल्टचं वर्तुळ साडेचार इंचांचं असलं आणि डिस्कच्या पोटात हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असला, तर तो १९९५ ते २००१ मधल्या एक्स्प्लोररचा समजा. १९९१ ते ९४ च्या एक्स्प्लोररला मागे ड्रम ब्रेक होते, आणि २००२ पासून मागचा अखंड ॲक्सलच गेला, स्वतंत्र सस्पेन्शन आलं. शाफ्ट बाहेर काढलात की त्याच्या आतल्या टोकावरच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, मोजा, ३१ भरायला हव्यात. त्या काळातल्या मस्टँग जीटीच्या शाफ्टला २८ असतात, तो इथे बसणारच नाही. यापुढे दुकानात गेलात की शेवरले विसरा, ‘२००० ची एक्स्प्लोरर, मागचा ॲक्सल’ एवढंच सांगा. गाडीच्या दरवाजाच्या आत हे एका चिठ्ठीवर लिहून चिकटवून ठेवा. पुढच्या मालकाला दुवा द्यावीशी वाटेल.

आधीच्या मालकाने हाच ॲक्सल का निवडला तेही उघड आहे. मस्टँग-२ धर्तीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या किटमध्ये चाकाचे बोल्ट बहुतेक वेळा साडेचार इंचांच्याच वर्तुळात असतात, त्यामुळे चारही चाकं एका जातीची झाली. रुंदी चाकाच्या बैठकीपासून बैठकीपर्यंत साधारण साडे एकोणसाठ इंच, जुन्या पिकअपच्या मडगार्डखाली बरी मावते. निवड चांगली होती. बसवताना घाई झाली असावी.

आता आवाज. मागच्या ॲक्सलचे आवाज ओळखायला सोपे असतात, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलून ऐकायची. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं आणि तुमची घरघर तेव्हाच वाढते, म्हणजे उजवं चाकाचं बेअरिंग. यात वाद नाही. हूंऽऽ ची गोष्ट वेगळी. गॅस दाबलेला असताना शांत आणि सोडल्यावर सूर, म्हणजे इंजिन गाडीला मागे खेचत असताना पिनियन आपली जागा सोडतोय. बहुतेक वेळा पिनियनचा नट ढिला झालेला असतो किंवा त्याचं बेअरिंग खाल्लेलं असतं. झाकण काढायच्या आधी प्रोपेलर शाफ्ट सोडा आणि पिनियनचा फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो ती चकती) दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आत-बाहेर हलवून बघा. किंचितही हलला तर बेअरिंग गेलं. गोल फिरवताना थोडा खेळ असतो, तो दातांमधला, त्याची काळजी नको.

इथे एक सावधगिरी. असा ढिला नट दिसला की पुष्कळ गॅरेजांत एअर गन लावून तो आवळतात आणि गाडी परत देतात. आत पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते, तिला क्रश स्लीव्ह म्हणतात. नट आवळताना ती दबते आणि बेअरिंगवरचा ताण त्या दबण्यावर ठरतो. एकदा जास्त दबली की परत फुगत नाही. गनने आवळलेलं बेअरिंग काही दिवस गुपचूप चालतं, मग निळं पडतं. नवी बेअरिंग असतील तर पिनियन फिरवायला १६ ते २९ इंच-पाउंड जोर लागावा, जुनी असतील तर ८ ते १४. हा जोर मोजायला काट्याचा छोटा टॉर्क पाना लागतो, मोठ्या क्लिकवाल्या पान्याचं ते काम नाही.

आता मुख्य मुद्दा, शाफ्ट का गेला.

या ॲक्सलमध्ये चाकाच्या बेअरिंगला आतली रिंगच नसते. रोलर थेट शाफ्टच्या पोलादावर फिरतात. झाकण काढा, तेल सोडा, डिफरन्शियलची (वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेची) आडवी पिन धरणारा छोटा बोल्ट काढा. हा बोल्ट मोडण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, तेव्हा आधी पेट्रोलने साफ करा, पाना नीट बसवा, झटका देऊ नका. पिन सरकवली, शाफ्ट आत ढकलला की आतल्या टोकाची सी-क्लिप गळून पडते आणि शाफ्ट बाहेर येतो. रोलर जिथे फिरतात तो चकचकीत पट्टा पुसा आणि त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट बाद. मग खरी गंमत बघा: तो पट्टा बेअरिंगच्या पूर्ण रुंदीभर सारखा झिजलाय का? की एका कडेला खोल चर पडलाय आणि दुसरी कड जवळजवळ नवी आहे? सारखा झिजला असेल तर वय झालं, तेल कमी होतं, काहीही. एकाच कडेला खाल्ला असेल तर शाफ्ट आणि ट्यूब एका रेषेत नाहीत.

माझा संशय दुसऱ्यावर आहे, आणि त्याचं कारण तुमच्या फोटोतली वेल्डिंग. एक्स्प्लोररचे पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ॲक्सलच्या खालून जातात, त्यामुळे पाट्यांच्या बैठका ट्यूबच्या खालच्या अंगाला असतात. तुमच्या शेवरलेत पाटे ॲक्सलच्या वर आहेत. म्हणजे जुन्या बैठका कापून नव्या वरच्या अंगाला जोडाव्या लागल्या. उजव्या बैठकीभोवती एका दमात ओढलेला जाड टाका दिसतोय, बाजूचा रंगही लांबवर जळलेला. ट्यूब एका बाजूने एवढी तापली की थंड होताना ती बाजू आखडते. वरची बाजू आखडली की ट्यूबची टोकं वर उचलली जातात, चाकाचा माथा आत झुकतो आणि बेअरिंगच्या एकाच कडेवर भार येतो. शाफ्ट बदलून हे जाणार नाही.

मोजायला महागडं काही नको. ॲक्सल गाडीखालून काढून दोन घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, शाफ्ट जागेवर, डिस्क नटांनी घट्ट दाबलेल्या. दोन्ही डिस्कवर बाहेरच्या कडेला खडूने एकेक खूण करा. दोन्ही खुणा वर आणून त्यांच्यातलं अंतर टेपने घ्या, मग खाली, मग पुढे, मग मागे. प्रत्येक वेळी डिस्क फिरवून तीच खूण वापरायची, म्हणजे डिस्क स्वतः थोडी वाकडी असली तरी फरक पडत नाही. एक्स्प्लोररची डिस्क साधारण अकरा इंचांची. वरच्या आणि खालच्या मापात १/१६ इंचाचा फरक म्हणजे प्रत्येक बाजूला १/३२, कोनात अंशाचा सहावा भाग. तेवढं मी सोडून देतो. फरक १/८ च्या पुढे गेला तर ते हौसिंग तसंच वापरू नका. ज्यांच्याकडे ॲक्सलच्या आरपार जाणारा सरळ घासलेला दांडा असतो असे लोक उलट्या बाजूला उष्णता देऊन ट्यूब परत ओढून आणतात. ते काम जमलेल्याकडेच द्यायचं. कोल्हापुरात असता तर उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या लेथवाल्याकडे पाठवलं असतं. तिकडे ड्रॅग रेसवाल्यांना विचारा, त्यांना असा माणूस माहीत असतोच.

माप सरळ आलं तर जुनं हौसिंग ठेवा आणि जंकयार्डचा फक्त शाफ्ट वापरा. तरीही मी अख्खा ॲक्सल आणा म्हणतो. तुमच्याकडे शाफ्ट, पिनियन आणि कदाचित हौसिंग अशा तीन गोष्टी संशयित आहेत, आणि जंकयार्डात अख्ख्या ॲक्सलचा भाव सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा कमीच असतो. शिवाय क्राऊन आणि पिनियन ही एकमेकांत रुळलेली जोडी असते, नवरा-बायकोसारखी. एकीचा पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावला तर दोघंही ओरडतात. सुट्या मिळालेल्या जोडीलाही आपल्या हौसिंगमध्ये बसवताना शिम (पातळ चकत्या) बदलून खोली आणि दातांमधला खेळ नव्याने जुळवावा लागतो. न उघडलेला, शांत चालणारा ॲक्सल मिळाला तर तो न उघडता वापरणं यात सगळ्यात जास्त शहाणपण आहे.

जंकयार्डात जाल तेव्हा फक्त एक्स्प्लोरर बघू नका, १९९७ ते २००१ ची मर्क्युरी माउंटेनियर हीच गाडी वेगळ्या चिन्हाची आहे आणि लोकांचं तिच्याकडे लक्ष कमी जातं. (२००० साली फायरस्टोनचे लाखो टायर परत बोलावले गेले तेव्हा बदनाम झाली ती हीच पिढी. टायर बदनाम झाले, ॲक्सल नाही.) झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर ३ एल ७३ अशी अक्षरं असली तर रेशो ३.७३ आणि लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल. मधला एल नसला तर साधा डिफरन्शियल. पट्टी गंजून गेली असेल तर चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड बघा, डी४ म्हणजे ३.७३ लिमिटेड स्लिप. आणि कशावरच विश्वास नसेल तर झाकण काढून दात मोजा: ४१ आणि ११ म्हणजे ३.७३, ३९ आणि ११ म्हणजे ३.५५.

झाकण तर जंकयार्डातच काढा, पैसे देण्याआधी. तेलात बोट फिरवा. काळं तेल चालेल. चंदेरी चमक, दाण्यासारखा कीस किंवा ताकासारखं पांढरट तेल दिसलं तर पुढच्या गाडीकडे वळा. दोन्ही शाफ्टवर तीच नखाची चाचणी करा. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा ट्यूबवर हातोडीने टोकून बघा, खपल्या निघणं वेगळं आणि आवाज बद्द येणं वेगळं. मागच्या चाकावर ठोकर बसलेली गाडी नको. आणि झाकण किंवा ट्यूब खालून चेपलेली आहे का तेही पहा, कारण जंकयार्डात गाड्या फोर्कलिफ्टने उचलतात आणि काटे नेमके कुठे लागतील याची कोणी फिकीर करत नाही.

जुनं काय चालतं? हौसिंग, निरोगी शाफ्ट, न हललेली क्राऊन-पिनियनची जोडी, कॅलिपरचे ब्रॅकेट, फ्लँज आणि त्याचे बारा कोनी डोक्याचे चार बोल्ट. हे बोल्ट तिथेच विसरून येऊ नका, घरी आल्यावर शोधत बसाल. नवं काय हवंच? चाकांची बेअरिंग, सगळे सील, ब्रेक पॅड, ब्रेकचे रबरी होज, यू-बोल्ट. यू-बोल्ट एकदा ताणले की त्यांचे आटे ओढले जातात, ते परत वापरायचे नसतात. पिनियनचा सील बदलायचा झाला तर नट सोडण्याआधी नट, पिनियन आणि फ्लँज यांवर एकाच रेषेत पंचने खुणा करा आणि फिरवायला किती जोर लागतो ते मोजून लिहून ठेवा. परत आवळताना त्या खुणेपर्यंत या आणि मोजलेल्या जोराच्या अगदी थोडं पुढे थांबा.

रेशोचं एक बघून घ्या. टर्बो ३५० ला ओव्हरड्राइव्ह नाही, तिसरा गिअर थेट एकास एक. टायर २८ इंची धरला तर ताशी ६५ मैलांना ३.७३ वर इंजिन साधारण २,९०० फेऱ्यांवर, ३.५५ वर २,७७० आणि ३.२७ वर २,५५० च्या आसपास. तुम्ही हायवेवर चालवणार असाल आणि ट्रेलर ओढणार नसाल तर मी ३.२७ किंवा ३.५५ शोधेन. लोक ३.७३ लिमिटेड स्लिपच्या मागे लागतात, त्यामुळे बाकीचे ॲक्सल रॅकवर पडून असतात.

बसवताना एक गोष्ट अनेकांना दचकवते. एक्स्प्लोररचा पिनियन मधोमध नाही, उजवीकडे सुमारे दोन इंच सरकलेला आहे, म्हणून उजवा शाफ्ट आखूड आणि डावा लांब. काही जण डावी ट्यूब जवळपास तीन इंच कापून दोन्हीकडे आखूड उजवा शाफ्ट घालतात, म्हणजे पिनियन मध्यावर येतो. तुम्हाला त्याची गरज नाही. पन्नास इंची प्रोपेलर शाफ्टला दोन इंचांचा तिरपेपणा म्हणजे सव्वादोन अंशांच्या आसपास, क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, तो आरामात सोसतो. फक्त गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन वरून पाहिल्यावर समांतर असले पाहिजेत. बाजूने पाहतानाही तेच, दोन्ही टोकांचे कोन सारखे, शक्यतो तीन अंशांच्या आत. पाट्यांच्या गाडीत गॅस दिला की पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत मी ते एक-दोन अंश खाली ठेवतो. हे गाडी स्वतःच्या चाकांवर, पूर्ण वजनासह उभी असतानाच ठरवायचं. हवेत लोंबकळणाऱ्या ॲक्सलवर कोन घेतला तर सगळं मोजणं वाया.

कोन ठरला की नव्या बैठकांना नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा आणि ॲक्सल परत बाहेर काढा. शाफ्ट आणि सील काढून ठेवा, रंग आणि गंज घासून ट्यूब चकचकीत करा. मग एक इंच टाका इकडे, एक इंच तिकडे, पुढे एक, मागे एक. मध्ये थांबा. ट्यूबला हात लावता येईल इतकी निवू द्या, पाणी ओतू नका. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्प त्याच ट्यूबवर, टाक्याच्या शेजारी लावा. तो दुसऱ्या टोकाच्या डिस्कवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर ठिणगीचे डाग पडतात. ही चूक वेल्डरच्या लक्षातही येत नाही. काम संपलं की डिस्कची चार मापं पुन्हा घ्या.

ट्यूब मधल्या बिडाच्या गोळ्यात दाबून बसवलेल्या आणि थोड्या जागी वेल्ड केलेल्या असतात. साध्या ३५० इंजिनाला आणि साध्या टायरला ते पुरतं. रेस करणार असाल तर तिथे पूर्ण वेल्डिंग करून घ्या, पण बीड आणि पोलाद जोडायला बीड आधी तापवावं लागतं आणि निकेलचा रॉड लागतो. घरच्या मशीनवर ते करू नका.

ब्रेकबद्दल थोडंच. तुमचा मास्टर सिलिंडर केबिनच्या तळाखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असेल तर ब्रेकचं तेल परत वाहून येतं आणि पेडल पहिल्या दाबाला पोकळ लागतं. डिस्कच्या लाइनमध्ये दोन पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (तेल परत वाहू न देणारा) टाका. मागची चाकं आधी लॉक होत असतील तर मागच्या लाइनमध्ये ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) हवा. मास्टर सिलिंडर अजून जुना एकाच कप्प्याचा असेल तर ॲक्सलच्या आधी तो बदला.

हे महाराष्ट्रात वाचणाऱ्या कोणी जुन्या जीपवर करून पाहायच्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. कुर्ल्याच्या बाजारात ॲक्सल मिळेल, पण वेल्डिंगला जाण्याआधी आरटीओत विचारा.

ॲक्सलमधलं तेल जीएल-५ दर्जाचं. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरतात, पण तुम्ही पिनियनचा कोन फॅक्टरीपेक्षा बदललात तर भोकही फिरलेलं असतं, त्यामुळे मोजून भरा: साडेपाच पिंटांच्या आसपास. लिमिटेड स्लिप असेल तर चार औंस फ्रिक्शन मॉडिफायर, नाहीतर वळणावर मागून खडखड येईल. ट्यूबवरचा हवेचा छोटा व्हेंट तारेने साफ करा. तो तुंबला की तापलेल्या ॲक्सलमधली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि तुम्ही सीलवर सील बदलत बसता. पहिले शंभर मैल झाले की यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर आवळा, पाचशेला तेल सोडून बघा. थोडी करडी भुकटी चालेल. टोचणारा कण सापडला तर झाकण पुन्हा उघडा आणि पिनियनपासून सुरुवात करा.